खालच्या गल्लीतली आक्का

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या पायांना स्वस्थता राहत नाही. दुकानात गादीवर मांडी घालून बसलेलो असतो, समोर गिऱ्हाईक, हातात साडीची घडी, तोंडानं नेहमीचं कीर्तन चालू, "हा पदर बघा वहिनी, हा घेऊन मांडवात उभ्या राहिलात तर नवरीकडं कोण बघतंय?" आणि मांडीखाली डावं पाऊल आपलं आपण हलत असतं. खडेबाजारात अठ्ठावीस वर्षं साड्या उलगडतोय. बोलण्यात मला हरवणारं माणूस शहापुरापासून किल्ल्यापर्यंत सापडायचं नाही, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो. पण या दिवसांत बोलता बोलता माझी नजर सुटते. पालथा ठेवलेला फोन उलटतो, बघतो, पुन्हा पालथा घालतो. पाच मिनिटांनी परत तेच.

घरी बायको म्हणते, "त्या फोनात काय अंडी उबवायला ठेवल्यात तुम्ही?"

अंडी नाहीत. फोनात आमच्या गावची मळणीची यादी असते. हिरवं बटण कुणाचं, राखाडी कुणाचं, एवढंच बघायचं असतं. बघितलं की जीव खाली बसतो आणि फोन ठेवला की लगेच वर येतो.

मग एखादी बाई पश्चिमेकडच्या खेड्यातनं येते. केसांत भाताचं तूस अडकलेलं असतं, मानेला खाजवत खाजवत ती काठ बघते. तिच्याबरोबर कापलेल्या भाताचा वास दुकानात शिरतो. किंचित गोड, किंचित ओला, उन्हात पडलेल्या पिंजराचा, म्हणजे भाताच्या काडाचा. साड्यांच्या खळीच्या वासावर तो वास असा बसतो की मला समोरची मोरपंखी दिसेनाशी होते आणि ती सुगी दिसायला लागते, ज्या सुगीत मी बावन्नाव्या वर्षी ॲप केलं.

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढं वाचा.

आमचं गाव शहराच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या अलीकडं. तांबडी माती, वर डोंगर, खाली ओढा, मध्ये भाताची वाफं. गावात आमच्या भावकीच्या दोन गल्ल्या, वरली आणि खालची, आणि दोघींत मिळून मळणीचं एक मशीन. ते ट्रॅक्टरला जोडून बाळू अण्णा चालवतात. कापलेल्या भाताच्या पेंढ्या रचून ज्यानं त्यानं आपापल्या शेतात वळी घालून ठेवायची आणि मशीनची वाट बघायची. पाळी ठरलेली. आणि रीत अशी, की मशीन कुणी मागायचं नाही. ज्याचं झालं त्यानं पुढच्याच्या दारात चालत जायचं, "तुमची पाळी" म्हणायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि परत फिरायचं. आपण होऊन "माझ्याकडं कधी?" असं विचारणं म्हणजे हलकेपणा. वळीवर पाखरं बसली तरी चालतील, पण विचारायचं नाही.

आता झालं काय, की निम्मी माणसं शहरात कामाला. कुणी उद्यमबागेत कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी माझ्यासारखं गादीवर. पाळी आली की रजा काढून पळायचं, आणि पाळी कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. "तुमची पाळी" म्हणायला माणूस दारात जायचा तर दाराला कुलूप. तेव्हा एका बैठकीत मी उठून उभा राहिलो, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "यादी फोनवर आणू. मी आणतो."

का बोललो, देव जाणे. टाळ्या मात्र झाल्या. टाळ्यांपुढं माझं काही चालत नाही.

शिकवायला अश्विनी होती, माझ्या चुलत भावाची मुलगी. बंगळूरच्या एका कंपनीचं काम टिळकवाडीतल्या घरात बसून करते. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "काका, दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. आधी वस्तू हुडकायची, मग तिच्यात बदल करायचा. हुडकल्याशिवाय हात लावायचा न्हाय."

"एवढंच? अगं, हे तर मी रोज करतोय की."

खरंच करत होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ती त्या दिवशी दाखवलेली, बारीक काठाची, तसली न्हाय, ती दुसरी." आणि चारशे साड्यांतनं ती दुसरी मी काढून देतो. साडी सापडली की मग तिचं काय करायचं ते करा. उलगडा, मिटा, अंगावर टाका, बाजूला ठेवा. ॲपमध्येही तसंच. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला, प्रत्येक बटणाला, एक खूणनाव द्यायचं. ते बघणाऱ्याला दिसत नाही, ते आपलं आणि फोनचं आतलं. त्या नावानं आपण हाक मारायची, फोन ती वस्तू हातात आणून देतो, मग तिला सांगायचं, पेट, विझ, दिस, लप.

पहिला आठवडा माझं ॲप उघडायचं आणि धाडकन पडायचं. अश्विनीला दाखवलं तर ती खो खो हसली. "काका, पडदा वर जायच्या आधीच नटाला हाक मारलाय तुम्ही! स्टेजवर कोण आलंच न्हाय अजून. हाक रिकामी परत येती, नि तुम्ही त्या रिकाम्यालाच फेटा बांधायला बघताय." आधी स्क्रीन मांडायची ओळ, मग हुडकायची ओळ. दोन ओळींची अदलाबदल केली आणि ॲप उभं राहिलं. मी दुकानात एकटाच ओरडलो. समोरच्या भांड्याच्या दुकानातनं विचारणा झाली की काय पडलं.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी एक बटण घेतलं आणि त्याला चाळीस वेळा विझवलं, चाळीस वेळा पेटवलं. हिरवं, राखाडी. चालू, बंद. चालू असताना दाबलं की दबतं, बंद असताना ते आहे तिथंच असतं पण तुमच्या बोटाला ओळख देत नाही. मग कळलं, ते लपवताही येतं, आणि लपवायचेही दोन प्रकार. एकात वस्तू दिसत नाही पण तिची जागा तशीच रिकामी राहते. दुसऱ्यात जागाही जाते आणि खालच्या वस्तू वर सरकतात. मला एकदम आमच्या गादीवरचे दत्तू अण्णा आठवले. ते गावी गेले की त्यांची खिडकीजवळची जागा आम्ही रिकामी ठेवायचो, कुणी चुकूनही बसायचं नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी दुपारपर्यंत सगळे एकेक वीत खिडकीकडं सरकलो होतो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. हे मी अश्विनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काका, तुम्ही कोड लिवा."

ॲप साधं होतं. वरल्या गल्लीचा एक भाग, खालच्या गल्लीचा एक, दोन्ही वेगळे मांडून एकाच स्क्रीनवर एकाखाली एक जोडलेले. प्रत्येक घराची एक ओळ. ओळीत घराचं नाव आणि एक बटण, "आमचं झालं". ज्याची पाळी त्याचंच बटण हिरवं. त्यानं दाबलं की ते राखाडी होणार आणि पुढच्याचं पेटणार. सगळ्यांच्या फोनवर एकच यादी दिसायची सोय अश्विनीनं करून दिली, ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

खूणनावं द्यायला बसलो आणि अडलो.

भावकीतली सगळी माणसं माझ्याहून मोठी. मारुती आप्पांच्या बटणाला काय नाव द्यायचं? नुसतं "मारुती"? बोट धजेना. लहानपणी एकदा चुलत्याचं नाव एकेरी घेतलं म्हणून बापानं वेताच्या छडीनं जे समजावलं होतं ते बावन्नाव्या वर्षीही पोटऱ्यांना पाठ होतं. बघणाऱ्याला दिसणार नाही, मान्य. पण मला तर दिसणार! तेव्हा मी मानानं नावं दिली. आप्पा, अण्णा, काकी, आक्का. लिपी इंग्रजी, पण मान सगळा मराठी. वरल्या गल्लीच्या भागात एक आक्का, त्या शेवंता आक्का. खालच्या गल्लीच्या भागात एक आक्का, ती सुंदरा आक्का. दोन्ही भाग वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले. फोननं काही तक्रार केली नाही. करायला हवी होती, पण त्याला आमच्यातल्या आक्का किती, हे काय माहीत?

सुंदरा आक्का माझी थोरली चुलत बहीण. नवरा गेल्यावर गावी परत आली. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यानं, जाण्याआधी ओढ्याकडची पट्टी तिच्या नावावर केली. त्यावरनं तिच्या भावांनी तोंडं फिरवली होती. तोवर ते भात थोरल्या भावाच्या पाळीत मळलं जायचं. त्या वर्षी आक्का माझ्याकडं आली, ओट्यावर बसली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "माझी वेगळी ओळ घाल रं यादीत. सगळ्यांच्या फोनात दिसू दे, ओढ्याकडची पट्टी कुणाची."

"घालतो की."

"खालच्या गल्लीत शेवटची घातलीस तरी चालंल. पर वेगळी."

घातली. शेवटची, वेगळी. लोकांना दिसायला "सुंदरा आक्का, ओढ्याकडची पट्टी". आतलं खूणनाव, आक्का.

सुगी सुरू झाली. वरली गल्ली आठ दिवसांत उरकली. बटणं एकेक करून पेटत होती, विझत होती, आणि मी इकडं गादीवर बसून ते बघत होतो. काय सांगू तुम्हाला ते सुख! तिकडं दहा-बारा किलोमीटरवर कुणीतरी धुळीनं माखलेला अंगठा टेकवायचा आणि माझ्या हातात हिरवा दिवा एक ओळ खाली उतरायचा. मी गिऱ्हाइकांनाही दाखवायचो. एका बाईंनी तर हिरवा दिवा बघून हिरवी साडी घेतली.

बुधवारी दुपारी खालच्या गल्लीतल्या मारुती आप्पांनी "आमचं झालं" दाबलं. आता सुंदरा आक्काची पाळी. मी फोन उलटला. हिरवं बटण होतं वर, वरल्या गल्लीत, शेवंता आक्कांच्या ओळीत. त्यांची मळणी होऊन पाच दिवस झाले होते.

मी ते बघितलं. इथंच मला आजही टोचतं. मी बघितलं आणि म्हटलं, म्हातारीचं काहीतरी राहिलं असेल. आणि समोरच्या वहिनींना मोरपंखी दाखवायला लागलो.

राहिलं होतंच म्हणा. माळाच्या टोकाला शेवंता आक्कांची दोन गुंठ्यांची एक चिंधी होती, तिथलं भात त्या हातानं बडवणार होत्या. दारात मशीन आल्यावर नको कोण म्हणतंय? त्यांनी बाळू अण्णांना चहा दिला आणि म्हणाल्या, "आलायसा तर त्या चिंधीवर बी चला." नंतर आणखी दोघातिघांच्या चिंध्या निघाल्या. मशीन वर अडकलं. आक्कांना वाटलं, हा आपला मान. बाळू अण्णांना वाटलं, फोन सांगतोय ते बरोबर.

गुरुवारी सकाळी आभाळ उतरलं. सुगीतलं आभाळ वाईट. आषाढातलं आपलं काम करायला आलेलं असतं, हे मात्र दारात उगीच घुटमळतं, जात नाही आणि बसतही नाही. बाजारातली हवा घट्ट झाली. वारा पडला. जांबोटीच्या बाजूला काळी किनार दिसायला लागली. मी फोन उलटला. शेवंता आक्का, हिरव्या. पालथा घातला. उलटला. शेवंता आक्का, हिरव्या. पाऊल हलायला लागलं ते थांबेना. बाराच्या सुमाराला मी मालकांपुढं पोटदुखीचा असा काही प्रवेश सादर केला की त्यांनी स्वतः उठून मला ओव्याची पूड दिली. ती खाऊन, तोंड वाकडं करत पायऱ्या उतरलो आणि कोपरा वळल्याबरोबर स्कूटरला किक मारली. लॅपटॉप पाठीवर होता. त्या दिवसांत तो माझ्या पाठीवरच असायचा.

ओढ्याच्या पट्टीत मशीन नव्हतं. वळी तशीच होती, अंगाला हात न लागलेली. आणि तिच्यासमोर, आडव्या टाकलेल्या दगडावर, सुंदरा आक्का एकटी पेंढ्या आपटत होती. एक पेंढी, चार फटके, झाडायची, टाकायची. पायाशी दाण्यांचा एवढासा ढीग. वर माळावरनं मशीनची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.

"आक्का, हे काय गं?"

"डोळं न्हाईत व्हय तुला? भात बडवायचं चाललंय."

"अगं, मशीन यायला पायजे होतं की तुझ्याकडं!"

तिनं पेंढी खाली ठेवली. कमरेच्या पिशवीतनं फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ. कालपासनं राखंगत पडलंय. मारुती आप्पाचं झालं नि पेटलं कुणाचं? शेवंता आक्काचं. दुसऱ्यांदा! खरं सांग, कुणी सांगितलं तुला माझं इझवायला? थोरल्यानं?"

"शपथ घेतो, कुणी न्हाय सांगितलं."

"मग तूच इझवलास."

"न्हाय गं!"

"तू केलंस न्हवं हे यंत्र? मग काय ते आपण होऊन माझ्यावर रुसलं?"

"फोन का न्हाय केलीस?" मी कसंबसं विचारलं.

"काय म्हणून? मशीन द्या म्हणून? आमच्यात कोण मागतंय?"

तेव्हा मला दिसलं, की राखाडी रंग तिनं कसा वाचला होता. माझ्या लेखी राखाडी म्हणजे बटण बंद. तिच्या लेखी ती भावकीनं दिलेली पाठ होती, सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी छापून आलेली. जुन्या रीतीत हे झालंच नसतं. मारुती आप्पा उठून चालायला लागले असते तर त्यांचे पाय खालच्या गल्लीच्या टोकालाच आले असते. पायांना खूणनाव लागत नाही.

मी अश्विनीला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "काका, सुंदरा आत्याच्या बटणाला आयडी काय दिलाय?"

"आक्का."

"नि शेवंता आक्कांच्या?"

मी आभाळाकडं बघितलं. काळी किनार आता किनार राहिली नव्हती, अर्धा पदर झाली होती.

"काका?"

"आक्का."

"काका!"

गावात उभं राहून कुणी "आक्का" अशी हाक मारली तर चौघी वळतात, हसतात आणि विचारतात, "कंची रं?" फोन विचारत नाही. तो वरनं खाली हुडकत येतो आणि पहिली आक्का भेटली की तिचाच हात धरतो. खालच्या गल्लीपर्यंत तो कधी उतरलाच नव्हता.

"बाळू अण्णाला आत्ता बोलावतो," मी म्हणालो आणि नंबर काढला. आक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला. तुसानं खरखरीत झालेला, गरम हात.

"नको."

"अगं, आभाळ बघ!"

"बघतोय मी बी. कालपासनं तेच बघतोय." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, बघतोय, करतोय. "फोनवर बोलवून आणलंस तर लोक म्हणतील, भावानं वशिला लावून मशीन नेलं. इझलेलं सगळ्यांनी बघितलंय. पेटलेलं बी बघू दे. यादीत लागल्याशिवाय मशीन माझ्या बांधावर चढायचं न्हाय."

"भात भिजंल आक्का."

"भिजू दे."

तिच्या आवाजाला काठ होता. मी एक पेंढी ओढली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि मातीत मांडी घातली.

अश्विनी तिकडनं सांगायला लागली. सोपा उपाय असा, की थेट आक्काला हाक मारायची नाही. आधी खालची गल्ली हातात धरायची आणि मग तिच्या आत आक्काला हुडकायचं. आक्का कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "काय म्हणती पोरगी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढं वाकडंतिकडं कशाला? माझं नाव घाल की."

"नाव?"

"सुंदरा. बारशाला ठेवलेलं. बा मला बाळे म्हणायचा, सासरी सगळी धाकटी म्हणायची, हितं तुमची आक्का. नवं कोरं हाय ते. कुणी वापरलंच न्हाय."

"तेच घाला काका," फोनमधनं अश्विनी म्हणाली.

मी टाईप केलं. एकेरी. सहा-सात अक्षरं, त्यांना मला पूर्ण मिनिट लागलं. मग गडबडीत घोटाळा केला. स्क्रीनच्या मांडणीत नाव बदललं आणि कोडमध्ये बदलायचं विसरलो, तर लाल रेघांची जत्रा उठली. "दोन्हीकडं बदला काका, दोन्हीकडं!" अश्विनी ओरडली. बदललं. मग ॲप नव्यानं बांधायला लावलं आणि काम किती झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची ती पट्टी सरकायला लागली. तुम्ही ती पट्टी बघितली आहे का? निळी, मुंगीच्या पायानं चालणारी. ओढ्यावरनं वारा उठला. वळीच्या वरच्या पेंढ्या हलायला लागल्या. आक्का पुन्हा दगडाकडं गेली आणि पेंढ्या आपटायला लागली, चार फटके, झाड, टाक. मी पट्टीकडं बघत होतो, ती माझ्याकडं बघत नव्हती. लॅपटॉपच्या झाकणावर पहिला थेंब पडला तेव्हा पट्टी पाऊण झाली होती.

नवं ॲप बाळू अण्णांच्या फोनवर गेलं, आक्काच्या गेलं, मग सगळ्यांच्या. माळावरची घरघर बंद पडली. त्या शांततेत ओढ्याचं पाणी ऐकू आलं. आणि आक्काच्या हातातलं बटण हिरवं झालं.

तिनं ते दाबलं नाही. दाबायचं ते झाल्यावर. नुसतं बघत राहिली, फोन पदराखाली धरून, थेंबापासून जपत.

मशीन उतरलं तेव्हा थेंबांची सर झाली होती. खालच्या गल्लीतली माणसं प्लास्टिकची कागदं घेऊन पळत आली. शेवंता आक्कासुद्धा आल्या, डोक्यावर पोतं घेऊन, मशीनच्या मागं मागं बडबडत, "मला काय ठावं बया, माझं पेटलं म्हणून मी ओढलं!" सुंदरा आक्काचा थोरला भाऊ बांधावर येऊन उभा राहिला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं, तो कुणाशी बोलला नाही. वाऱ्यानं कागदाचं एक टोक सुटलं तेव्हा त्यानं ते पकडलं आणि शेवटपर्यंत धरून ठेवलं. अर्ध्याहून जास्त भात कोरडं निघालं. उरलेलं निघता निघता भिजलं. माझ्या त्या निळ्या पट्टीनं आणि लाल रेघांनी खाल्लेला जो तासभर होता, तेवढं.

संपल्यावर आक्कानं अंगठा टेकवला. ओल्या अंगठ्याला स्क्रीन दाद देईना. पदरानं पुसला, परत. तिसऱ्यांदा लागला. आणि तिचं बटण राखाडी झालं. काल होतं तस्सं. कोडच्या दृष्टीनं तीच किंमत, तोच रंग. ज्याची पाळी यायची आहे ते राखाडी, ज्याला वगळलं ते राखाडी, ज्याचं झालं तेही राखाडी. फोनला तिन्ही सारखे. तिला नव्हते. ती त्या विझलेल्या बटणाकडं बघून हसत होती.

त्या आठवड्यात मी सगळी खूणनावं बदलली. घरोघर फिरून बायकांची नावं विचारली. "कशाला रं?" म्हणत त्या लाजायच्या, दाराआड व्हायच्या, मग हळूच सांगायच्या. एका काकीचं नाव तिच्या सुनेलाही माहीत नव्हतं. आणि भावकीनं ठरवलं, बटण दाबायचं ते दाबायचंच, पण पुढच्या दारात चालतही जायचं. तेव्हापासून दरवर्षी यादी ठीक चालते. तरी या दिवसांत मी फोन उलटतोच. अश्विनी म्हणते, "काका, आता काय बिघडत न्हाय." ती म्हणते ते खरं आहे. मला बटणाची काळजी नाही. हिरवं चुकीच्या ठिकाणी बघून मी पुन्हा मोरपंखीकडं वळेन, याची आहे.

भिजलेलं ते भात आक्कानं विकलं नाही. उन्हात वाळवलं, कांडून आणलं. तांदूळ पिवळा पडला होता, निम्मी कणी, आणि त्याला वास होता, बंद पेटीतल्या जुन्या कापडासारखा. संक्रांतीच्या सुमाराला तिनं मला जेवायला बोलावलं. मी बसलो. तिनं ताटात भात वाढला, वर आमटी घातली आणि माझ्यासमोरच स्वतःचंही ताट वाढून घेतलं.

"खा. तुझ्या बटणाचा भात हाय."

मी घास घेतला. मान खाली.

तिनंही घास घेतला, सावकाश चावला. "सगळा तुझा न्हाय म्हणा," ती म्हणाली. "तू बाळू अण्णाला बोलवत होतास, मी हात धरला. निम्मा माझ्या हट्टाचा."

"चांगला लागतोय," मी म्हणालो.

"लबाड बोलू नको. वास येतोय का न्हाय?"

"येतोय."

"येऊ दे," आक्का म्हणाली. "माझ्या पट्टीतला हाय." आणि तिनं मला न विचारता दुसऱ्यांदा वाढला.